पांपांगाला खायला जाताय? आधी 15 डिसेंबर

नवरा फिलिपिनो असला की नाताळाला सासरी जाणं आलंच, आणि सासर पांपांगाचं असलं की जाणं म्हणजे खाणं. स्वयंपाकाच्या बाबतीत अख्खा देश या प्रांताला मान देतो. म्हणून तयारीची सुरुवात बॅगेपासून करू नका, तारखेपासून करा. 15 डिसेंबरच्या आत घरी पोहोचाल असंच तिकीट काढा. ‘नाताळाच्या आत पोहोचलो म्हणजे झालं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सिंबांग गाबी, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ पहाटेच्या मिस्सा, 16 ते 24 डिसेंबरला असतात. पुतो बुंबोंग आणि बिबिंका, तांदळाचे हे दोन गोड पदार्थ, चर्चबाहेर ताजे, वाफाळते मिळतात ते या नऊ पहाटांना. गेल्या वेळी आम्ही 24च्या संध्याकाळी उतरलो आणि ते सगळं हुकलं. नंतर मॉलमधला पुतो बुंबोंग खाल्ला, पण त्याला ती चव नाही.

का नाही, ते सांगते. भिजवून वाटलेला चिकट तांदूळ बांबूच्या बारीक नळ्यांत भरतात आणि नळ्या उकळत्या भांड्यावर उभ्या रोवतात. खालून वाफ नळीत शिरते, दोनेक मिनिटांत वरच्या तोंडातून बाहेर यायला लागते. मग बाई नळी हातावर आपटते आणि जांभळी, बोटभर जाडीची कांडी केळीच्या पानावर पडते. तिच्यावर लोणी नाहीतर मार्जरिन, खवलेला नारळ, काळसर मुस्कोवादो साखर. हे उभ्या उभ्याच खायचं. पाच मिनिटांनी कांडी घट्ट होते, घरी नेईपर्यंत तर चिवट. जांभळा रंग मुळात पिरुरुतोंग तांदळाचा; तो महाग आणि कमी मिळतो, म्हणून बरेच जण नुसता रंग घालतात. ठेला निवडण्याआधी विचारा, विचारायला लाजू नका. बिबिंकेचं तसंच: खाली निखारे, वर झाकणावर निखारे, आत केळीचं पान, वरून खारवलेलं बदकाचं अंडं आणि म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज. विजेच्या ओव्हनमधली घेऊ नका.

पहाटेचा गजर लावा. मिस्सा चार-साडेचारला असते आणि ती सुटली की रांग लागते. प्रवासाचा शीण आहे, उद्या जाऊ, असं करत पहाटा निघून जातात. नऊच आहेत. शिवाय सुट्टे पेसो ठेवा, हजाराची नोट पहाटे कुणी मोडून देत नाही.

रजा जास्त असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच जा, कारण सांता रिता गावचं दुमान तेव्हा मिळतं. कोवळा, हिरवा चिकट तांदूळ भाजून कांडतात. आपल्या पोह्यांसारखंच, फक्त हिरवं आणि मऊ. ते दाट गरम चॉकलेटमध्ये घालून खातात. हंगाम गेला की वर्षभर वाट बघायची. रजा नसेल तर दुमान सोडा, पण 15 तारीख सोडू नका.

आता पथ्याचं. बरोबर आईवडील असतील, ते डुक्कर-गाय खात नसतील, तर सासूबाईंना निघण्याच्या आठवडाभर आधी सांगा, तिथे पोहोचून नाही. त्यांनी तोवर बाजार केलेला असतो आणि ताटातलं परत केलं की त्यांना फार लागतं. भाजी म्हणजे शाकाहारी असंही समजू नका. पिनाकबेत या मिश्र भाजीत बागोओंग असतं, म्हणजे आंबवलेली कोळंबी किंवा मासळी. भरवशाने खावं असं गोडातच जास्त: तुरोन (तळलेली केळ्याची गुंडाळी), कुत्सिंता (तांदळाची वाफवलेली वडी), बीको (चिकट तांदळाचा गोड भात). तरी तेल कसलं आहे ते विचाराच.

डुक्कर खाणाऱ्यांनी सिसिग आंहेलेस (Angeles) शहरातच खावं. तव्यावर तडतडणारं सिसिग लोकप्रिय केलं ते तिथल्या लुसिया कुनानान, म्हणजे आलिंग लुसिंग यांनी, 1970च्या दशकात, रेल्वेच्या रुळांजवळ. डुकराचं डोकं-कान उकडून, निखाऱ्यावर भाजून बारीक चिरतात. कांदा, कालामान्सी (तिथलं छोटं लिंबू), मिरची. मेयोनेज घातलेलं सिसिग पुढ्यात आलं तर तुम्ही चुकीच्या दुकानात आहात. बुरोचा वास पहिल्यांदा नको वाटेल. आंबवलेला भात आणि मासा तो, मोहरीच्या पानात गुंडाळून तळलेल्या माशाबरोबर खा, मगच मत द्या.

हालो-हालो, म्हणजे बर्फाचा गोड ग्लास, पांपांगातल्या ग्वाग्वा गावच्या पद्धतीचा मागा, ज्यात मकापुनो (मऊ खोबऱ्याचा नारळ), पाकवलेली साबा केळी आणि लेचे फ्लान (कॅरमल कस्टर्ड) एवढंच. वर किसलेला बर्फ आणि दूध. दहा रंगीत जिन्नसांचा ग्लास बघायला छान, पण दुधाची चव कळत नाही. तिबोक-तिबोक आदल्या दिवशी सांगून ठेवा. म्हशीच्या दुधाचं मऊ पुडिंग ते, वर लातिक, म्हणजे नारळाचं दूध आटवून उरलेला तपकिरी चुरा, आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

सकाळी पोटभर भात खाऊ नका, दुपारची मेरिएंदा, म्हणजे मधलं खाणं, आहे, आणि नाही म्हणता येत नाही. पासालुबोंग, म्हणजे सगळ्यांसाठी भेटी, विसरू नका, काजूकतली आवडते. मोठ्यांचा हात कपाळाला लावा, मुलांना शिकवून न्या. 24च्या मध्यरात्रीचं नाताळाचं जेवण, नोचे बुएना, घरात आपोआप होतं, त्याची काळजी नको. फक्त लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, हवं असेल तर फार आधी सांगावं लागतं.

एवढं सगळं जमलं नाही तरी चालेल, 15च्या आत पोहोचणं जमवाच. तिकीट आता बघा, नोव्हेंबरात परवडणार नाही.

परतीचं थोडक्यात: उबे हालाया, म्हणजे जांभळ्या कंदाचा मुरंबा, त्याच्या बरण्या चेक-इनमध्ये, हातातल्या बॅगेत काढून घेतात. सांता रिताचे तुरोनेस, म्हणजे काजूची मिठाई, कोरडे असतात, ते कुठेही टाका. दुधाचं काही आणू नका.