रोज एकच गाणं ऐकायचं, पण नीट ऐकायचं

दिवसभर कानात काहीतरी चालूच असतं, लोकलमध्ये, भांडी घासताना, ऑफिसात काम करताना, आणि रात्री कुणी विचारलं की आज काय ऐकलंस तर धड एक नाव आठवत नाही. म्हणून हा एक साधा उद्योग सुचवतेय, दिवसाला एक गाणं. फक्त एक.

हे काही नवीन नाहीये. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा आठवड्याला एकच नवं गीत यायचं, गदिमांचे (ग. दि. माडगूळकर) शब्द, बाबूजींची (सुधीर फडके) चाल, वर्षाहून थोड्या जास्त काळात 56 गीतं, आणि लोक पुढच्या गीताची वाट बघत बसायचे. एक गाणं आठवडाभर मनात मुरायला वेळ मिळायचा. आपल्याला आठवडा नाही जमणार पण एक दिवस तर देता येतो ना.

पहिलं काम म्हणजे गाणं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. सकाळी अ‍ॅप उघडून शोधायला बसलात की तुमचं गाणं तो अ‍ॅपच ठरवणार. त्यातही नुसती आवडती गाणी गोळा करू नका, एखादा धागा धरा, म्हणजे कोळीगीतं, पावसाची गाणी, लावणी असं काहीतरी, आणि त्यातलं जुनं आधी मग नवीन असं पुढे पुढे या.

लावणीचंच घ्या. पहिल्या दिवशी 'बुगडी माझी सांडली गं', चित्रपट सांगत्ये ऐका, 1959, गदिमांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत आणि आशाबाईंचा आवाज. दुसऱ्या दिवशी 1972 च्या पिंजरामधली एखादी, जगदीश खेबुडकर, राम कदम, उषा मंगेशकर. मग नटरंगमधलं 'वाजले की बारा', 2010, बेला शेंडे. आणि चौथ्या दिवशी चंद्रमुखीमधलं 'चंद्रा', 2022, श्रेया घोषाल. शेवटच्या दोन्ही गुरू ठाकूर आणि अजय-अतुल यांच्याच, मधे बारा वर्षं गेलीत, तेव्हा त्याच लोकांनी तोच प्रकार परत हाताळताना काय बदललं ते लागोपाठ ऐकलं की लगेच कळतं.

ऐकायचं तीनदा. पहिल्यांदा काहीच करायचं नाही, फोन उलटा ठेवून नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन, आठवणीतली गाणी या साइटवर जुन्या गाण्यांचे शब्द आणि गीत-संगीत-स्वर सगळं मिळतं, यूट्यूबवरच्या नावांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कुठलंही रिमिक्स ओरिजिनल म्हणून टाकलेलं असतं. तिसऱ्यांदा एकच वाद्य धरायचं. लावणीत ढोलकी धरा, गायिका ओळ संपवते तिथे ढोलकी काय करते एवढंच बघा, शब्द कानावर पडले तरी पडू द्या.

मग वहीत चार ओळी, तारीख टाकून. मी तीनच प्रश्न ठेवलेत, गाण्यात कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि कान कुठे अडकला. बास. छान आहे, सुंदर आहे असलं लिहू नका, पुढच्या वर्षी वाचाल तेव्हा त्यातून काही म्हणजे काही आठवणार नाही.

या तीन प्रश्नांतूनच खरी मजा येते. बुगडीतली बाई साताऱ्याला जाताना बुगडी हरवून बसलीये आणि माझ्या म्हाताऱ्याला कुणी सांगू नका म्हणतेय. 'वाजले की बारा'मधली म्हणतेय बारा वाजले, आता घरी जाऊ द्या. दोघींनाही कुणाची तरी, कशाची तरी धास्ती आहे, आणि ती धास्ती त्या भरल्या फडात सगळ्यांसमोर नटूनथटून गाऊन सांगतायत! आता पाचव्या दिवशी संजू राठोडचं 'गुलाबी साडी' लावा, 2024 चं. लावणी नाहीये ते, पण बाई तीच, नटलेली, आणि ती सरळ म्हणते मी भारी दिसतेय, माझा फोटो काढ. लपवणं नाही, घरी जायची घाई नाही. मला हे फार म्हणजे फार आवडलं, आणि हे ओळीने ऐकल्याशिवाय दिसलं नसतं.

म्हणून नवीन गाणं ऐकायला बसताना 'आजकाल शब्दच नसतात' हे आधी डोक्यातून काढा. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची म्हणून गाणी तेवढ्यात बसवायचे, आजच्या गाण्याला रीलमध्ये बसायचं असतं म्हणून हूक, म्हणजे कानात अडकणारा तुकडा, लवकर येतो, दोन्हीकडे साच्याची अडचण आहेच. आणि प्रत्येक गाण्याला शब्दांचंच माप कशाला, क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' हे हाऊस म्युझिक, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, ते चांगल्या हेडफोनवर ऐका, तिसरं ऐकणं आधी करा आणि शब्द शेवटी.

'कोंबडी पळाली'ला मात्र दोन दिवस द्या, आधी 2006 च्या जत्रा या चित्रपटातलं आनंद शिंदे आणि वैशाली सामंतचं, दुसऱ्या दिवशी त्याच चालीवरचं 2012 चं हिंदी 'चिकनी चमेली'.

घरात कुणी मोठं माणूस असेल तर संध्याकाळी त्यांना विचारा हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, रेडिओवर, तंबूतल्या सिनेमात, वरातीच्या बँडवर, आणि ते उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा, तुमच्या भाषेत नीटनेटकं करू नका.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गाणी ऐकायची नाहीत. चुकलेलं गाणं यादीत तळाला टाका आणि आजचं लावा.