पावसाळ्यानंतर मोटार चालू करायच्या आधी मेगर कसा मारायचा

पाऊस उघडला, हरभरा-गहू पेरला, पहिलं पाणी द्यायचं म्हणून चार महिने बंद असलेल्या मोटारीचं हिरवं बटण दाबलं, की घुर्र आवाज येतो, मागून जळका वास आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडे खेटे. दिवाळीच्या आसपास त्याच्या दारात मोटारींची रांग लागते ती यामुळेच. विहिरीच्या काठावर चार महिने दमट हवेत पडून वाइंडिंगने, म्हणजे मोटारीच्या आतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांनी, ओल धरलेली असते, आणि ती ओल आधी सुकवली असती तर त्यातल्या बऱ्याच मोटारी वाचल्या असत्या. माझीही पाच एचपीची मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेली) अशीच गेलीय, तेव्हापासून मेगर मारल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

मेगर हे खरंतर १९०३ साली नोंदवलेलं ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखंच झालंय, कुठल्याही कंपनीचा इन्सुलेशन टेस्टर असला तरी आपण मेगरच म्हणतो. तो ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि तांब्याची तार आणि मोटारीची बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन किती टिकून आहे ते मेगाओममध्ये दाखवतो, आकडा जितका मोठा तितकी गळती कमी. बरेच जण मल्टिमीटर लावून बघतात आणि बॉडी दाखवत नाही (तार बॉडीला टेकलेली नाही) म्हणजे ओके म्हणून मोकळे होतात. मल्टिमीटरमध्ये सेल किती व्होल्टचा असतो बघा, तेवढ्यावर ओली वाइंडिंगसुद्धा शहाण्यासारखी वागते, खरं रूप दाखवते ती ४४० लागल्यावर. आपल्या ४१५-४४० व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्टचाच मेगर घ्या, १००० किंवा २५०० चा मोठ्या एचटी (हाय टेन्शन, जास्त व्होल्टच्या) मोटारींसाठी असतो, तो इथे लावून उगाच जुन्या वाइंडिंगचा जीव घेऊ नका.

आता सगळ्यात आधी लाईट बंद. मेन स्विच खाली करायचा, किटकॅट फ्यूज तिन्ही काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, पेटीत नाही, खिशात. आणि ऑटो स्विच! आपल्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, म्हणून प्रत्येकाने लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो किंवा मोबाईलवाला स्टार्टर बसवलेला असतो, तुम्ही तारा हातात धरून बसलाय आणि तेवढ्यात लाईट आली तर काय होईल ते सांगायला नको. तो ऑफ करायचा, शिवाय इनकमिंगला तिन्ही फेज टेस्ट लॅम्पने बघून घ्यायचे.

मग स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा सोडवा, सोडवायच्या आधी रंगीत टेप लावून खुणा करा. ऑटो, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा), कपॅसिटर यातलं काहीही त्या तारांना जोडलेलं राहू देऊ नका, ५०० व्होल्टने त्यातली इलेक्ट्रॉनिक्स उडते आणि रीडिंगही खोटं येतं. सोलर पंप असेल तर कंट्रोलर पूर्ण बाजूला केल्याशिवाय मेगर मारायचाच नाही.

मेगर स्वतः बरा आहे का तेही बघा: लीड मोकळ्या ठेवून मारला तर अनंत दाखवला पाहिजे, एकमेकींना टेकवून मारला तर शून्य. ठीक असेल तर अर्थची लीड मोटारीच्या बॉडीला, पण रंगावर नाही, एखादा बोल्ट खरवडून चकचकीत धातूवर, आणि लाईनची लीड मोटारीच्या तारेला. हँडलवाला असेल तर साधारण मिनिटाला १६० फेऱ्या, एकसारख्या, क्लच घसरतोय असं हाताला जाणवेल तो वेग. पूर्ण एक मिनिट फिरवायचा आणि मिनिटाचं रीडिंग घ्यायचं, कारण काटा सुरुवातीला खाली असतो आणि हळूहळू वर चढतो. या वेळात तारेला कुणी हात लावायचा नाही, आणि टेस्ट झाली की तार बॉडीला टेकवून चार मिनिटं तरी ठेवायची, नाहीतर वाइंडिंगमध्ये साठलेला चार्ज झटका देतो.

तीन तारांची डीओएल (थेट लाईनवर चालू होणारी) मोटार असेल तर आतून तिन्ही वाइंडिंग जोडलेल्याच असतात, एका तारेवर मारला तरी तिन्हींचं कळतं. स्टार-डेल्टाची सहा तारांची असेल तर सगळ्या सोडवून प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि मग वाइंडिंग-वाइंडिंगमध्ये पण मारा.

आता रीडिंग. जुना ठोकताळा असा, की जितके किलोव्होल्ट त्यात एक मिळवा, तेवढे मेगाओम किमान, म्हणजे आपल्या मोटारीला जवळपास दीड. आयईईई ४३ हे स्टँडर्ड आजच्या छोट्या मोटारींना किमान ५ मेगाओम सांगतं आणि मी तेच धरतो. शंभरच्या वर आलं तर बिनधास्त चालवा, पाचच्या खाली आलं तर सुकवा, एकच्या खाली असेल तर बटण दाबायचा विचारही नको. शून्य म्हणजे बॉडी शॉर्ट.

पण एकट्या आकड्यावर जाऊ नका. वाइंडिंगचं तापमान १० डिग्रीने वाढलं की रीडिंग अंदाजे निम्मं होतं, म्हणजे ३० डिग्रीला ८० मेगाओम देणारी मोटार ७० डिग्रीला ५ वर येते, मोटार तीच, खराबी काहीच नाही. उलट हिवाळ्यात पहाटे दव पडलेलं असताना मारला तर चांगली मोटारही कमी दाखवते. म्हणून वही ठेवा: तारीख, मोटार गार होती का गरम, हवा कशी, रीडिंग किती. पहिल्या वर्षी २००, मग १८०, मग ४० असं असेल तर ४० चांगलंच आहे असं वाटेल, पण ती मोटार बोलतेय तुमच्याशी. नेहमी २० देणारी आणि यंदाही २० देणारी जुनी मोटार मला जास्त भरवशाची वाटते.

कमी आलं तर लगेच मोटार उतरवू नका, आधी केबल वेगळी करा. टर्मिनल बॉक्स उघडून केबल एकटी आणि मोटार एकटी अशी मारा, कित्येकदा उंदराने कुरतडलेली केबल नाहीतर टर्मिनल बॉक्समधलं पाणी एवढंच निघतं. सबमर्सिबलमध्ये मोटार खाली असल्यामुळे केबल, जॉइंट आणि मोटार यांचं एकत्रच रीडिंग येतं, ते तसंही कमी असतं, चालू मोटारीला अर्ध्या मेगाओमपर्यंत चालतं, त्याखाली गेलं तर पंप वर काढायचा आणि पहिला संशय जॉइंटवर घ्यायचा. फक्त जॉइंट पाण्याच्या पिंपात बुडवून, केबलची टोकं कोरडी बाहेर ठेवून, तार आणि पाणी यामध्ये मेगर मारला की लगेच कळतं.

ओल असेल तर मोनोब्लॉक खोलून रोटर (फिरणारा भाग) बाहेर, आणि स्टेटरमध्ये (वाइंडिंग असलेल्या स्थिर भागात) १०० वॉटचा पिवळा बल्ब सोडून ठेवा, वरून पत्रा झाका, गोणपाट नको, पेट घेतं. ८० डिग्रीच्या वर तापू देऊ नका. गंमत म्हणजे सुकवायला लागल्यावर रीडिंग आधी आणखी खाली जातं, लोक घाबरून बल्ब काढतात, पण ते गरमीने होतं, काही तासांनी चढायला लागतं आणि मग एका जागी थांबतं. थांबलं की झालं.

एक गोष्ट मेगरला दिसत नाही, वेढ्या-वेढ्यातला शॉर्ट. त्यासाठी तिन्ही फेजचे ओम मीटरने मोजा, सारखे यायला हवेत.

शेवटी तारा खुणेप्रमाणे परत जोडा, अर्थिंग विसरू नका. दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते आणि पाणी येतं पण मरतुकडं, तेव्हा पंप बिघडला म्हणून खोलत बसू नका, कोणत्याही दोन तारा बदलून बघा. ऑटो मात्र दहा-पंधरा मिनिटं हाताने चालवून पाणी धो-धो पडताना दिसलं की मगच ऑन करा.