कोकणातल्या पुळणीवर रिमोटचं ऑटोजायरो कसं उडवावं

ऑटोजायरो दिसतं हेलिकॉप्टरसारखं, पण त्याच्या वरच्या रोटरला, म्हणजे फिरत्या पात्यांना, मोटर नसते. पुढची मोटर मॉडेल ओढते आणि पात्यांतून खालून वर जाणारी हवा रोटर फिरवते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने १९२३ साली असं विमान उडवून दाखवलं.

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. दुपारी ओहोटी असेल तर पाण्यालगत घट्ट, ओली पुळण मिळते. सकाळी वारा शांत वाटतो खरा, पण मतलई वारा सुरूच्या बनावरून उतरताना गिरक्या घेतो. दुपारचा खारा वारा समुद्रावरून सरळ येतो, ऑटोजायरोला तोच मानवतो. गुहागरसारखी लांब पुळण निवडा, गर्दीचा दिवस टाळा आणि डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासा. रत्नागिरी आणि चिपी विमानतळांच्या आसपास तर नक्कीच.

निघण्यापूर्वी रोटरच्या डोक्याला धरून मॉडेल लटकवा. नाक थोडं खाली झुकायला हवं. शेपूट झुकली तर बॅटरी पुढे सरकवा.

आता खरं काम. थ्रॉटल (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) बंद ठेवून समुद्राकडे तोंड करा, मॉडेलचं नाक वर धरा आणि पात्याला हाताने हलका धक्का द्या. पाती आधी एकेक दिसतात, मग त्यांची तबकडी होते. ती दिसेपर्यंत मॉडेल खाली ठेवू नका. रोटर मंद असताना थ्रॉटल दिला, तर मागे जाणाऱ्या पात्याला पुरेशी उचल मिळत नाही आणि मॉडेल त्याच बाजूला कलंडतं. वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर डावीकडे. इथे घाई करणाऱ्यांची पाती मोडतात, म्हणून हे इतकं सांगतोय.

खाली ठेवल्यावर रिमोटवरची नाक वर-खाली करणारी स्टिक मागे ओढलेली ठेवून थ्रॉटल हळूहळू वाढवा. उडालं की किनाऱ्याला समांतर वळा, माणसं नसतील तिकडेच. वळणावर थोडा थ्रॉटल जास्त लागतो. स्टिक झटक्याने पुढे ढकलू नका: रोटरवरचा भार जातो, फेरे उतरतात. मोटर बंद पडली तरी खाली येताना रोटर फिरत राहतो, फक्त वाऱ्याकडे तोंड ठेवा.

उतरताना थ्रॉटल कमी करत या, जमिनीजवळ स्टिक मागे घ्या. टेकताच स्टिक पुढे करा, नाहीतर वारा फिरता रोटर उचलून मॉडेल उलथवतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने सगळं पुसा, रोटरच्या बेअरिंगमधली रेती ब्रशने काढा आणि तेलाचा एक थेंब सोडा.