भौतिकशास्त्रातले नेहमीचे प्रश्न समजावताना या चुका टाळा

अंतराळवीर स्थानकात का तरंगतात? ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून,’ असं सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर साफ चुकीचं आहे, आणि एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथलं गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका बदलतो तो, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के भरतं. ते नसतं तर स्थानक पृथ्वीभोवती न फिरता सरळ निघून गेलं असतं. खरं कारण असं, की स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणाने सतत पडत असतात. त्यामुळे पायाखालची फरशी त्यांना वर रेटत नाही आणि वजन जाणवत नाही. मग जमिनीवर का आदळत नाहीत, हे मुलं विचारणारच. विचारलंच पाहिजे! आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असल्यामुळे ते जितके खाली येतात, तितकाच पृथ्वीचा पृष्ठभागही खाली वळत जातो.

दुसरी चूक म्हणजे मुलाचं उत्तर नुसतं खोडून पुढे जाणं. वर फेकलेल्या चेंडूचं सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती? ‘शून्य’ हे उत्तर हमखास येतं. लगेच ‘९.८’ सांगू नका. फळ्यावर दर सेकंदाचा वेग मीटर प्रति सेकंदात लिहा, खाली जाणारा वेग उणे धरून: १९.६, ९.८, ०, −९.८. प्रत्येक सेकंदाला वेगात किती फरक पडला, हे मुलांनाच काढू द्या. तिथे त्वरणही शून्य असतं तर चेंडू वरच थांबला असता, हे मग मुलं स्वतःहूनच म्हणतात.

ऋतू सूर्यापासूनच्या अंतरामुळे होतात, असं मूल म्हणालं तर एवढंच सांगा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. ऋतूंचं खरं कारण म्हणजे पृथ्वीच्या आसाचं कलणं; तिकडे तिथून वळा.

टेबलावरच्या पुस्तकाच्या उदाहरणात तर शिकवणारेही घसरतात. पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया, असं सर्रास सांगितलं जातं. पण ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. वजनाची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला लावलेली ओढ.

‘बल्ब वीज खातो’ असं बोलण्याच्या ओघात येतं, आणि विद्युतधारा बल्बमध्ये संपते अशी मुलांची समजूत होते. अ‍ॅमीटर (विद्युतधारा मोजणारं उपकरण) बल्बच्या आधी लावा, मग नंतर लावा. वाचन तेच येतं. रूपांतर होतं ते ऊर्जेचं. एवढं झाल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे होच म्हणतात. त्याऐवजी दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले तर कुठला जास्त उजळेल, ते विचारा. ‘पहिला’ असं उत्तर आलं तर जुनी समजूत अजून तशीच आहे. मग तिसऱ्यांदा अ‍ॅमीटर काढा आणि या वेळी तो दोन्ही बल्बच्या मधोमध लावा.