मेकॅनिकला फोन लावण्याआधी: बिघडलेल्या वॉशिंग मशीनची तयारी

सगळ्यात आधी कागद-पेन घेऊन मशीनसमोर बसा आणि ते नेमकं कुठे अडतंय ते लिहून काढा. मशीन कितीही महागडं असलं तरी कामं चारच करतं: पाणी भरतं, कपडे घुसळतं, पाणी काढतं, पिळतं. "मशीन चालत नाहीये" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. "भरतं, घुसळतं, पण पाणी काढताना थांबतं" असं सांगितलंत की अर्धं निदान तिथेच झालं. पडद्यावर काही अक्षरं चमकत असतील तर त्यांचा फोटो काढा, कारण प्लग काढला की ती जातात. प्रत्येक कंपनीची ही अक्षरं वेगळी. एलजीच्या मशीनवर 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही, 'ओई' म्हणजे बाहेर जात नाही, 'यूई' म्हणजे आतल्या कपड्यांचा तोल गेलाय. तुमच्या मशीनची यादी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत सापडेल. आवाज येत असेल तर तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मेकॅनिक दारात आला की मशीन हमखास शहाण्यासारखं वागू लागतं.

आता सामान गोळा करा: टॉर्च, पक्कड, जुना टूथब्रश, बादली, उथळ भांडं आणि खराब झाले तरी चालतील असे दोन टॉवेल. स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम सांगितलेला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

दिवाच लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये दुसरी एखादी वस्तू लावून बघा. मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर तिथून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. पाणी तापवणारं मशीन 2000 वॅटच्या आसपास वीज ओढतं, म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर; साध्या बोर्डाला ते झेपत नाही. दिवे लागतात पण बटणं ऐकत नाहीत, तर चाइल्ड लॉक (मुलांनी दाबू नये म्हणून बटणं बंद ठेवणारी सोय) तपासा. यात हसण्यासारखं काही नाही, आम्ही एक अख्खा रविवार त्यात घालवलाय. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र पुढची तपासणी करूच नका. मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

पाणी भरत नसेल तर नळ बंद करून मागचा पाइप मशीनकडच्या बाजूने सोडवा. तिथे तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती पकडीने हलकेच ओढून टूथब्रशने घासा. मग पाइपचं सुटं टोक बादलीत धरून नळ सोडा. धार करंगळीएवढी पडत असेल तर दोष मशीनचा नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो. टाकी डोक्यावर 3 मीटरवरच असेल तर जेमतेम 0.3 बार. किमान किती दाब लागतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं. उलट, पाणी भरतच राहतंय आणि पातळी काही चढत नाही, अशी तक्रार असेल तर सांडपाण्याचा पाइप खाली जमिनीवर पडलाय का बघा. टोक खाली असलं की एका बाजूने भरलेलं पाणी दुसरीकडून वाहून जातं. बहुतेक फ्रंट लोड (पुढच्या बाजूला दार असलेल्या) मशीनमध्ये हे टोक 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर अडकवायला सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो पाणी काढण्याच्या तक्रारीसाठी. आणि कपडे पिळून निघत नाहीत ही तक्रारसुद्धा पुष्कळदा हीच असते: आत पाणी शिल्लक आहे असं मशीनला वाटलं की ते जोरात फिरायला तयारच होत नाही. फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला तळाशी छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. गरम पाण्यावर धुतलं असेल तर थांबा, ते पाणी भाजतं. टॉवेल पसरा, भांडं ठेवा, शेजारी बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा, आणि मगच फिल्टर हळूहळू फिरवा. नाणी, केसांच्या पिना, बटणं, क्वचित एखादा बाळाचा मोजा निघेल. फिल्टर काढल्यावर त्या भोकात टॉर्च मारून पंपाचा पंखा मोकळा आहे का तेही बघा. केस तिथे गुंडाळून बसतात. फेस फार झाला तरी पंप अडखळतो. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये घातली असेल तर रिकामं मशीन दोनदा नुसत्या पाण्यावर चालवा.

मशीन नाचत असेल तर एकटी चादर किंवा जड रग गोळा होऊन एका बाजूला बसलाय का बघा, मग चारही कोपरे दाबून कुठला पाय डुगडुगतोय ते शोधा. मशीन नवीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट (वाटेत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का, हे आधी तपासा. रिकाम्या फ्रंट लोडचा ड्रम हाताने फिरवून घरघर ऐकू आली, आणि आतली कड वर-खाली हलवताना बाहेरचं टब स्थिर राहून नुसता ड्रमच हलला, तर बेअरिंग (ज्यावर ड्रम फिरतो तो भाग) गेलंय. दोन्ही मिळून झुलले तर ते स्प्रिंगचं झुलणं, काळजी नको.

इथे थांबायचं. मागचं कव्हर उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज साठलेली राहू शकते, आणि वॉरंटी बाकी असेल तर तीही हातची जाईल.

फोन करताना मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर (दाराच्या कडेला किंवा पाठीमागे चिकटवलेले असतात), खरेदीचं बिल आणि तुमचा तो कागद जवळ असू द्या. ओले कपडे आधीच काढून घ्या; दार उघडत नसेल तर आतलं पाणी बाहेर सोडून, प्लग काढून दोन-तीन मिनिटं थांबलात की बहुधा कुलूप सुटतं. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या, आणि मेकॅनिक समोर असतानाच सगळ्यात छोटा प्रोग्रॅम भरण्यापासून पिळण्यापर्यंत पूर्ण चालवून, मागे टॉर्च मारून जमीन कोरडी आहे ना ते बघा.