बॉयलर पेटवण्याआधी: स्टीमपंक लिहिणाऱ्यांसाठी तयारीची यादी

स्टीमपंक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या जगात कल्पनेतली यंत्रं घालून रचलेली कथा. ती लिहायची तर सगळ्यात आधी साल पक्कं करा. ‘व्हिक्टोरियाचा काळ’ एवढं म्हणून भागत नाही. राणी १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली; तेवढ्यात आजीचं लंडन नातीला ओळखू येईनासं झालं. १८५० च्या कथेत भुयारी रेल्वे आणलीत तर फसाल, ती सुरू झाली १० जानेवारी १८६३ ला. (तीही वाफेच्या इंजिनावर. म्हणजे बोगद्यात धूर, डब्यात गॅसचे दिवे. स्टीमपंकवाल्याने आणखी काय मागावं?) बायकांच्या झग्याखालचा पोलादी कड्यांचा सांगाडा, घेरदार क्रिनोलिन, १८५६ पासूनचा, आणि अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला तोही त्याच वर्षी. मला विचाराल तर १८५८ घ्या. त्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारत होती की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले होते. मग इंजिनिअर बॅझलजेटच्या गटारयोजनेला झटक्यात मंजुरी मिळाली. शहराची गरज आधीच उभी आहे. तुमच्या यंत्राला काम शोधत फिरायला नको.

साल ठरलं की गल्ली ठरवा. कथा १८९० च्या आसपासची असेल तर चार्ल्स बूथचे नकाशे उघडा. त्यात लंडनची गल्ली न् गल्ली तिथल्या माणसांच्या ऐपतीप्रमाणे रंगवली आहे: श्रीमंतांना पिवळा, तळाच्यांना काळा. आधीच्या काळासाठी १८५१ आणि १८६१ ची जनगणना बघा. एका घरात कोण कोण राहतं, घरमालकाशी नातं काय, धंदा काय, जन्म कुठला, सगळं एका ओळीत मिळतं. पात्रांची नावंही तिथूनच उचला, कादंबऱ्यांतून नको.

बोलणं कानावर पडायला हवं असेल तर लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टाचे खटले वाचा. १६७४ ते १९१३ पर्यंतची कार्यवाही इंटरनेटवर फुकट आहे. खून सोडून द्या, किरकोळ चोऱ्या वाचा. किती वाजले होते, दार कुणी उघडलं, दिवा कुठे होता, चोरीला गेलेल्या चादरीची किंमत किती, हे साक्षीदार भडाभडा सांगतात. पत्रकार हेन्री मेह्यूने रस्त्यावर पोट भरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या १८५१ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. त्यात वॉटरक्रेसच्या पालेभाजीच्या जुड्या विकणारी आठ वर्षांची मुलगी आहे. पहाटे फॅरिंग्डन मार्केटात जाऊन माल घेते, भाव करताना फसत नाही, आणि खेळण्याचा विषय काढला तर तिला बोलायला फारसं काही नसतं. ‘अनाथ पण हुशार पोर’ असलं ठोकळेबाज पात्र लिहायच्या आत तिला भेटून या.

पैशांचा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १२ पेन्स म्हणजे १ शिलिंग, २० शिलिंग म्हणजे १ पौंड, आणि डॉक्टर-वकिलांची फी गिनीत, म्हणजे २१ शिलिंगात. १८४० पासून पत्राला एक पेनी. १८७० मध्ये तारखातं सरकारकडे गेल्यावर २० शब्दांच्या तारेला एक शिलिंग. तुमची नायिका लांबलचक तारा ठोकत असेल तर ती पैसेवाली आहे, हे वाचकाला कळू द्या.

आता कोळसा. इथे घाई करू नका, कारण बहुतेक स्टीमपंक कथा इथेच पोकळ निघतात. पितळी चाकं, गॉगल्स, हवाई जहाज सगळं असतं, पण राख कुणी काढली याचा पत्ता नसतो. मोलकरणीची सकाळ मिनिटवारीने लिहून काढा. मालक झोपेत असताना ती उठते. गुडघ्यांवर बसून शेगडीतली रात्रीची राख ओढते, चाळते, अर्धवट जळलेले निखारे परत वापरायला वेगळे काढते, लोखंडाला ब्लॅकलेड (काळं पॉलिश) चोळून चमकवते, मग कागद, काटक्या, वर कोळसा. हे झालं एका खोलीचं. त्यानंतर कोळशाच्या बादल्या तळघरातून वर, आणि गरम पाण्याची भांडी प्रत्येक मजल्यावर. लहानपणी घरी बंब पेटवलेल्यांना यातलं थोडं ठाऊक असेल. १८६१ चं मिसेस बीटन यांचं घरकामाचं जाडजूड पुस्तक यासाठी हाताशी ठेवा. फक्त ते मालकिणीच्या खुर्चीतून लिहिलंय हे विसरू नका. बाहेर काजळी इतकी की वाळत घातलेलं धुणंही काळवंडायचं. धुण्याचा दिवस बहुधा सोमवार: हंड्यात कपडे उकळा, चोळा, मँगलच्या रुळांतून पिळा.

दिव्यांची नोंद थोडक्यात. मँटल (ज्योतीवर बसवायची, तापून पांढरी उजळणारी जाळी) १८९० च्या दशकात रुळेपर्यंत गॅसची ज्योत उघडी, पिवळी, पंख्यासारखी पसरट. छत काळं करणारी आणि खोली तापवणारी. निजायच्या खोलीत बहुधा मेणबत्तीच.

घड्याळही तपासा. ब्रिस्टलची स्थानिक वेळ लंडनच्या सुमारे दहा मिनिटं मागे, म्हणून तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे लावले होते, एक गावाचा, एक रेल्वेचा. ग्रिनिचची वेळ देशभर कायद्याने लागू झाली १८८० मध्ये. या दहा मिनिटांत गाडी चुकू शकते, खुनाचा आळ टळू शकतो.

यंत्राकडे सगळ्यात शेवटी वळा, पण प्रश्न तेच विचारा. पाणी कुठून येतं? वाफ धरायला किती तास? झडप कोण बघतो? हेन्री जिफार्डने सप्टेंबर १८५२ मध्ये पॅरिसहून वाफेचं हवाई जहाज खरंच उडवलं. इंजिन जेमतेम ३ अश्वशक्तीचं, हायड्रोजनपाशी ठिणगी जाऊ नये म्हणून धुराडं खाली वळवलेलं. सत्तावीसेक किलोमीटर गेला, पण वाऱ्याविरुद्ध परतणं जमलं नाही. रस्त्यावर वाफेची गाडी आणत असाल तर १८६५ चा कायदा वाचा: गावात ताशी २ मैल, बाहेर ४, आणि पुढे लाल बावटा घेतलेला माणूस चालत. पाठलागाचा प्रसंग लिहून दाखवा बघू!

भारतीय पात्र हवं असेल तर हिरे घातलेला महाराजा नको, पुष्कळ झाले. मुंबईचे जहाजबांधणीतले इंजिनिअर अर्देशिर करसेटजी वाडिया बघा. १८३४ मध्ये त्यांनी माझगावच्या घरात गॅसचे दिवे लावले, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे फेलो झाले, पहिले भारतीय. किंवा पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींत उतरा: डेकवर कोकणातले खलाशीही, प्रवाशांच्या दालनात वाढायला गोव्याची माणसं, खाली भट्टीशी आगवाले. लंडनच्या लाइमहाउसमध्ये अशा खलाशांसाठी १८५७ मध्ये वसतिगृह निघालं होतं. तुमच्या बोटीच्या भट्टीत कोळसा कोण टाकतंय, त्याचं नाव, गाव आणि पगार वहीत लिहा, मगच बोट सोडा.