पुसलं म्हणजे गेलं नाही: फाइल पाठवण्याआधी ट्रॅक चेंजेस कसे निस्तरावेत

लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २००५ मध्ये बाहेर आला. आयोगाचे प्रमुख होते जर्मन सरकारी वकील डेटलेव्ह मेहलिस. अहवालातून काही संशयितांची नावं शेवटच्या क्षणी गाळली होती. पण पत्रकारांकडे अहवाल गेला तो वर्डच्या फाइलच्या रूपात. कुणीतरी दुरुस्त्या दाखवणारं बटण दाबलं, आणि गाळलेली नावं पडद्यावर आली. त्यांत सीरियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचे बंधू आणि मेव्हणेही होते. कोणती दुरुस्ती किती वाजता झाली, हेही फाइलनेच सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीवर खटला भरला. त्या दाव्याच्या वर्ड फाइलमध्ये दडलेल्या जुन्या मजकुरात प्रतिवादी म्हणून नाव होतं बँक ऑफ अमेरिकेचं. म्हणजे आधी नेम दुसरीकडेच धरला होता, हे जगाला कळलं.

माझी चूक एवढी ऐतिहासिक नव्हती. एका कामाचं दरपत्रक पाठवलं. त्यात आधीचा आकडा खोडून मी थोडा वाढवला होता आणि शेजारी सहकाऱ्यासाठी टिपण लिहिलं होतं, ‘एवढे देतील का?’ ग्राहकाचं उत्तर एका ओळीचं आलं, ‘नाही देणार, पण आधीचा आकडा चालेल.’ तेव्हापासून पुढचे सोपस्कार पाळतो.

आधी घोटाळा कुठे होतो ते बघू

ट्रॅक चेंजेस, म्हणजे वर्डमधली बदलांची नोंद ठेवणारी सोय, चालू असताना तुम्ही एखादा शब्द खोडला, तर वर्ड तो शब्द फाइलमधून काढत नाही. त्यावर ‘खोडला’ अशी खूण करतं आणि शेजारी नाव, तारीख, वेळ नोंदवतं. नवा शब्द घातलात की त्यावर ‘घातला’ अशी खूण. विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. फाइलची प्रत घ्या, तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा. वर्डची फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडंच असतं. आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलीत, तर तुम्ही ‘पुसलेलं’ वाक्य तिथे जसंच्या तसं बसलेलं सापडेल.

फसवणूक करतो तो दृश्याचा पर्याय. रिव्ह्यू टॅबमध्ये चार पर्याय असतात: सिंपल मार्कअप, ऑल मार्कअप, नो मार्कअप आणि ओरिजिनल. यांतल्या नो मार्कअपवर गेलात की लाल रेघा, खोडाखोड, फुगे सगळं नाहीसं होतं आणि पान धुतल्यासारखं दिसतं. धुतलेलं मात्र काहीच नसतं, नुसता पडदा ओढलेला असतो. तो तुमच्या संगणकावर ओढलेला असतो, पलीकडच्या माणसाने ऑल मार्कअप निवडलं की खेळ संपला. वर्ड २०१० पर्यंत याच पर्यायाचं नाव होतं ‘फायनल’. इतकं दिशाभूल करणारं नाव दुसरं सुचलं नसतं. वर्ड २०१३ पासून आलेला सिंपल मार्कअपही तितकाच सोज्वळ दिसतो. बदल झालेल्या ओळीच्या समासात फक्त एक लाल रेघ, बाकी सगळं स्वच्छ. घाईत ती रेघ नजरेतून सुटते.

एक गोष्ट आणखी. ट्रॅक चेंजेस बंद केलं म्हणजे आधीचे बदल मिटत नाहीत. यापुढचे बदल नोंदले जाणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

कुणाला पाठवताय?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण प्रत्येक वेळी साफसफाई करणं हीसुद्धा चूकच. फाइल सहलेखकाकडे, संपादकाकडे किंवा वकिलाकडे परत चालली असेल, तर दुरुस्त्या दिसायलाच हव्यात. तुम्ही गुपचूप सगळं स्वीकारून स्वच्छ प्रत पाठवलीत, तर काय बदललं ते त्यांना ओळीओळीने शोधत बसावं लागेल, आणि तुम्ही काहीतरी लपवताय अशी शंकाही येईल. फाइल त्या वर्तुळाबाहेर जाणार असेल, तर मात्र तिच्यात एकही खूण राहता कामा नये.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा आणि ‘सेव्ह ॲज’ करून दुसरी बनवा. नावात ‘दुरुस्त्यांसह’ आणि ‘स्वच्छ’ असं स्पष्ट लिहा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ या वाटेने कुणाचं भलं झालेलं नाही. पुढचं सगळं या स्वच्छ प्रतीवर करायचं.

बदल निकालात काढणं

१. ट्रॅक चेंजेस बंद करा (कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकत्र दाबून). हे विसरलात तर साफसफाई करताना केलेल्या दुरुस्त्याही नोंदल्या जातील, आणि एकीकडे झाडत दुसरीकडे कचरा टाकल्यासारखं होईल.

२. दृश्य ऑल मार्कअपवर आणा. मग ‘शो मार्कअप’ उघडून सगळ्या प्रकारांवर आणि सगळ्या व्यक्तींच्या नावांवर टिकमार्क आहे ना ते पाहा. कुणीतरी फक्त एकाच माणसाचे बदल दिसतील अशी चाळणी लावून ठेवलेली असते आणि आपल्याला वाटतं, एवढेच बदल आहेत.

३. ‘रिव्ह्यूइंग पेन’ उघडा. बाजूला सगळ्या बदलांची यादी आणि एकूण संख्या येते. शीर्षपट्टी, तळटीप अशा सहसा नजर न जाणाऱ्या जागांचे बदलही इथे कळतात. ही संख्या शून्यावर आणणं, एवढंच आपलं काम.

४. आता निवाडा. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे बदल पक्का, ‘रिजेक्ट’ म्हणजे मूळ मजकूर परत. ‘ॲक्सेप्ट ऑल’चा मोह होतो, पण सगळे बदल एकदा तरी वाचल्याशिवाय तो आवरा. दोन जणांनी एकाच वाक्याला हात लावला असेल तर सरसकट स्वीकारल्यावर ‘काम पूर्ण केले जाईलहोईल’ अशी वाक्यं जन्माला येतात. ‘नाही’ हा एक शब्द कुणीतरी चुकून खोडलेला असतो, आणि तोही तुम्ही आनंदाने स्वीकारून बसता.

मोठ्या फाइलमध्ये शेकडो बदल असतात आणि त्यांतले बरेचसे नुसत्या मांडणीचे निघतात. कुठे फॉन्ट बदलला, कुठे समास सरकला. इथे मगाचची चाळणी कामाला येते. ‘शो मार्कअप’मध्ये फक्त ‘फॉरमॅटिंग’ चालू ठेवा, बाकीचे प्रकार बंद करा. मग ‘ॲक्सेप्ट’खालच्या बाणावर जाऊन ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस शोन’ निवडा. जे दिसतंय तेवढंच स्वीकारलं जातं. आता बाकीचे प्रकार पुन्हा चालू करा. शब्दांचे बदल तेवढे उरतील, ते ‘नेक्स्ट’ दाबत एकेक वाचून निकालात काढा.

मराठी मजकुरात एक वेगळी गंमत होते. कुणी फक्त वेलांटी किंवा मात्रा बदलली असेल, तर खोडलेली आणि घातलेली खूण अक्षरापासून सुटी पडते आणि कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळताना दिसते. शब्द मोडला असं वाटून लोक तो पुन्हा टाइप करतात आणि गुंता वाढवतात. बदल स्वीकारला की अक्षर सहसा आपोआप जुळतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या आधी निकालात काढा, शुद्धलेखनाची शेवटची नजर नंतर फिरवा.

५. टिपणं वेगळी काढावी लागतात. सगळे बदल स्वीकारले तरी समासातल्या कॉमेंट्स तिथेच राहतात. ‘रिझॉल्व्ह’ केलेली कॉमेंट फिकट होते किंवा नजरेआड होते, फाइलमधून जात नाही. ‘डिलीट’खालच्या बाणावर ‘डिलीट ऑल कॉमेंट्स इन डॉक्युमेंट’ आहे, ते वापरा. माझं ‘एवढे देतील का?’ असंच राहून गेलं होतं.

६. फाइल पुन्हा सुरुवातीपासून वाचा. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. खोडाखोड गेल्यावर दोन शब्दांत दुहेरी जागा उरलेली असते, परिच्छेद चिकटलेले असतात. क्रमांक दिलेली कलमं असतील तर एखादं कलम गेल्यावर पुढचे आकडे सरकतात, आणि हाताने लिहिलेलं ‘कलम ७ पाहा’ भलत्याच कलमाकडे बोट दाखवू लागतं. अनुक्रमणिका आपोआप बनवलेली असेल तर तिच्यावर क्लिक करून एफ-९ दाबा, म्हणजे ती ताजी होईल.

फाइलच्या पोटातली माहिती

आता ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’, तिथे ‘चेक फॉर इश्यूज’ आणि त्यात ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. हा तपासनीस उरलेले बदल, कॉमेंट्स, लेखकाचं नाव, लपवलेला मजकूर असं सगळं हुडकून काढतो आणि प्रत्येकापुढे ‘रिमूव्ह ऑल’ असं बटण देतो. उपयोगी आहे, पण नीट समजून वापरा. बदलांसमोरचं ‘रिमूव्ह ऑल’ दाबलं की तो उरलेले सगळे बदल स्वीकारून टाकतो, तुम्हाला न विचारता. म्हणजे जो बदल तुम्ही नाकारणार होतात, तोही पक्का. म्हणून हा तपासनीस शेवटी आणि प्रतीवरच चालवायचा. त्याने बदल शून्य सांगितले तर तुमचं आधीचं काम चोख झालं.

त्याचा एक उपद्रव सांगून ठेवतो, कारण यावर माझे दोन तास गेलेत. वैयक्तिक माहिती काढल्यावर ती न साठवण्याची सेटिंग त्या फाइलला चिकटून राहते. पुढे कुणी तिच्यात ट्रॅक चेंजेस चालू करून काम केलं, तर सेव्ह केल्यावर सगळ्यांच्या नावांच्या जागी नुसतं ‘ऑथर’ येतं, आणि कोणती दुरुस्ती कुणाची ते कळेनासं होतं. अशी फाइल हाती आली तर ‘इन्फो’मध्येच ही माहिती पुन्हा साठवू देण्याची लिंक असते, ती दाबा. गेलेली नावं मात्र परत येत नाहीत.

पीडीएफ म्हणजे कवच नव्हे

‘आपण पीडीएफ पाठवू, मग प्रश्नच नाही’ हे अर्धंच खरं. पडद्यावर ऑल मार्कअप असताना पीडीएफ बनवली तर लाल रेघा आणि फुगे त्यात छापले जाऊ शकतात. पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ‘ऑप्शन्स’ उघडा. तिथे नुसतं डॉक्युमेंट की मार्कअपसह डॉक्युमेंट, असा पर्याय असतो. छपाईतही ‘प्रिंट मार्कअप’वरची खूण काढावी लागते. माझी पद्धत साधी आहे: आधी बदल निकालात, मग पीडीएफ. बनल्यावर ती एकदा उघडून शेवटच्या पानापर्यंत बघतो.

वर्ड नसेल तर

लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘एडिट’ मेनूत ‘ट्रॅक चेंजेस’ आहे. तिथल्या ‘मॅनेज’मध्ये यादी येते आणि स्वीकार-नकार करता येतो. ‘शो’वरची खूण काढली की बदल फक्त लपतात, म्हणजे सापळा तोच.

गूगल डॉक्समध्ये याला सजेशन्स म्हणतात. ‘टूल्स’मधल्या ‘रिव्ह्यू सजेस्टेड एडिट्स’मधून ती निकालात काढा. तशीच सोडून फाइल वर्डच्या स्वरूपात डाउनलोड केली, तर ती ट्रॅक चेंजेस बनून सोबत येतात. शिवाय इथे एक जास्तीची खिडकी उघडी असते. ज्याला संपादनाचा हक्क दिला त्याला ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडून जुने मसुदे पाहता येतात, मग वरवर फाइल कितीही स्वच्छ असो. म्हणून बाहेरच्या माणसाला मूळ डॉक्युमेंटची लिंक देऊ नका. ‘मेक अ कॉपी’ करा, त्यात कॉमेंट्स आणि सजेशन्स सोबत नेण्याची खूण काढलेली आहे ना ते पाहा, आणि ती प्रत द्या. प्रतीचा इतिहास नव्याने सुरू होतो.

फाइल परत आल्यावर

उलट बाजूही आहे. समोरच्याने ट्रॅक चेंजेस बंद करून एखादं वाक्य बदललं आणि फाइल परत पाठवली, तर खूण राहत नाही. ‘लॉक ट्रॅकिंग’ने पासवर्ड लावता येतो, म्हणजे कुणी सहज ते बंद करू शकत नाही. पण ही सुरक्षेची सोय नाही, असं वर्ड स्वतःच त्या चौकटीत लिहून ठेवतं. करारासारखं काही असेल तर ‘रिव्ह्यू’मधलं ‘कंपेअर’ वापरा. एका बाजूला तुम्ही पाठवलेली फाइल द्या, दुसऱ्या बाजूला आलेली. वर्ड दोन्ही ताडून पाहतं आणि तिसऱ्या डॉक्युमेंटमध्ये फरक दाखवतं. यासाठीच ती ‘दुरुस्त्यांसह’वाली प्रत जपून ठेवायची.

एवढं सगळं रोज लक्षात राहत नाही, माझ्याही नाही. विंडोजवरच्या वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ट्रस्ट सेंटर’च्या सेटिंग्जमध्ये, ‘प्रायव्हसी ऑप्शन्स’खाली एक चौकोन आहे: बदल किंवा कॉमेंट्स असलेली फाइल छापताना, सेव्ह करताना किंवा पाठवताना इशारा द्यावा. लिब्रेऑफिसमध्येही ‘सिक्युरिटी’खाली अशीच सोय आहे. एकदा खूण करून ठेवा. दर वेळी सेव्ह करताना ती चौकट मध्ये येते आणि वैताग येतो. मी दोनदा ती बंद करायला गेलो होतो, आणि दोन्ही वेळा ते दरपत्रक आठवलं.